दोन ध्रुवांमधलं अंतर

साहित्य

बर्फाची अर्धी लादी. लाकडाचा भुसा. गोणपाट. पितळी परात एक, मातीचं पसरट कुंडं एक. परातीत घालायला पाणी, कुंड्यात घालायला काळी माती. जुने कागद. टॉर्च. रबरी चेंडू.

पाठाच्या टाचणात 'साहित्य' या सदराखाली नंदानं एवढंच लिहिलं होतं. बर्फ कुठून आला ते लिहायची पद्धत नसते. तो रिछाईच्या बर्फाच्या कारखान्यातून आला होता. तिचे वडील टिकाराम तिथे लाद्या ओढायचं काम करत. त्यांनीच सकाळी तो गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधला, शहरातल्या या मुलींच्या शाळेत आणला, वऱ्हांड्यात उतरवून दिला आणि पाळी गाठायला उलट पावली निघून गेले.

जुलै चालू होता, साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. पावसानं उघडीप दिली होती आणि हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसली होती. पाठ पहिल्या तासाला व्हायचा होता. मधली सुट्टी संपली तरी झाला नव्हता, कारण शाळेच्या समितीचे सचिव नेमाजी अजून यायचे होते. गोणपाटाखालून पाण्याचा एक ओघळ निघाला होता आणि फरशीवरून पायऱ्यांच्या दिशेनं चालला होता.

उद्दिष्टे

एक: विद्यार्थिनींना पृथ्वीच्या दोन्ही ध्रुव प्रदेशांतली साम्यं समजावीत.

दोन:

दुसरं टाचणात नव्हतं. भूगोलाची कायम जागा एकच होती आणि उमेदवार दोघी. दुसरीचा पाठ आदल्या दिवशी होऊन गेला होता, तो बरा झाला असं शाळेत म्हणत होते, बरा म्हणजे नुसता बरा. नंदा आजवर बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बायकांच्या जागी शिकवत आली होती. बाळ जरा धरून बसायला लागलं की बाळाची आई शाळेत परत आणि नंदा घरी.

या वेळी जागा मिळाली नाही तर पनागरचं स्थळ. आईनं, चंपाबाईनं, तसं सांगून टाकलं होतं. धमकी म्हणून नाही, थकून. पनागरचा माणूस वाईट नव्हता. बिजवर, मटाराचा व्यापार, स्वतःचा टेम्पो. त्याची अट एकच होती, की बायको घरात पाहिजे, नोकरी नको. ही अट त्यानं हात जोडून, हसत सांगितली होती, त्यामुळे तिच्यावर रागावताही येत नव्हतं. त्याच्या मामाला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

पूर्वज्ञान

विनताबाईंविषयी. त्या या शाळेतल्या भूगोलाच्या मोठ्या शिक्षिका. निवड करणाऱ्या तिघांत विषयाच्या जाणकार म्हणून त्या बसणार होत्या. शाळेत त्यांना बाई कोणी म्हणत नसे. विनता बहनजी. चेरीतालला त्यांचं घर. पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत आले आणि इथंच राहिले. राज्यं नव्यानं आखली गेली आणि हे शहर हिंदी मुलखात राहिलं, तेव्हा वडिलांच्या कचेरीतले बरेच मराठी लोक सामान बांधून नागपूरला गेले. वडील गेले नाहीत. इथं घर होतं, जमीन होती. मग हळूहळू दुकानांच्या पाट्यांवरून, शाळेच्या फळ्यांवरून मराठी नाहीशी झाली. कुणी पुसली असं म्हणता येणार नाही. विनताबाईंनी उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी अशी वाटणी करून टाकली, आणि वाटणी झाली की भांडण उरत नाही तसं त्यांचंही उरलं नाही.

नंदाविषयी. राज्यं आखली गेली त्याच्या थोडेच दिवस आधी टिकाराम नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. नंदा तेव्हा इतकी लहान, की वडील पांढऱ्या कपड्यांत स्टेशनवर उतरले एवढंच तिला आठवतं. त्यांच्या घरात ते साल त्याच गोष्टीसाठी मोजलं जाई. राज्य बदललं हे त्यांना नंतर कळलं. पहिल्या चार यत्ता नंदा मराठी शाळेत शिकली. पाचवीला गेली तर शाळा हिंदी झालेली. मास्तर तेच, फळा तोच. मास्तर पहिल्या दिवशी 'बैठ जाओ' म्हणाले आणि मुलं उभीच राहिली, कारण त्यांना वाटलं मास्तर दुसऱ्या कोणाशी तरी बोलत आहेत.

साम्यं. दोघी घरी 'काहून' म्हणत. दोघींना नागपूरचे नातेवाईक हसत, की तुमची मराठी म्हणजे हिंदीला नऊवारी नेसवली आहे. दोघी रागावल्या की हिंदीत रागावत आणि हिशेब मराठीत करत.

प्रस्तावना

नंदा गोणपाट उघडून भुसा पुन्हा दाबत होती आणि बर्फाचे किती तुकडे निघतील ते पुटपुटत मोजत होती. विनताबाई आपल्या वर्गाकडे चालल्या होत्या. भुशामुळे त्या थांबल्या नसत्या. पुटपुटणं मराठीत होतं म्हणून थांबल्या.

"काय ग हे?"

नंदानं दचकून वर पाहिलं. "बर्फ आहे, बाई. वितळून राहिला."

"काहून आणला मग इतक्या लवकर?"

त्या 'काहून'नं दोघींच्या तोंडावर एकदमच हसू आलं. परगावच्या बाजारात आपल्या गल्लीतलं माणूस दिसावं तसं. विनताबाई बाकावर टेकल्या. बाई म्हणू नको, म्हणाल्या, इथे ती पद्धत नाही. नंदानं विचारलं, मग काय म्हणू, बहनजी? विनताबाईंनी आजूबाजूला पाहिलं. वऱ्हांड्याच्या टोकाला शिपाई दयाराम घंटेजवळ डुलकी काढत होता. ताई म्हण, त्या म्हणाल्या, आत्तापुरतं.

मग गाव विचारलं गेलं. भंडाऱ्याकडचं. मग आडनाव. नंदानं ते सांगितलं, आणि सांगताना सवयीनं विनताबाईंच्या तोंडाकडे न पाहता परातीकडे पाहिलं. अस्सं, विनताबाई म्हणाल्या. बरं, बरं. एवढंच. त्यानंतर त्या आधीपेक्षा जास्त गोड बोलू लागल्या. नंदाच्या ते ध्यानात आलं. तरीही तिला बरं वाटत होतं. परीक्षेच्या दिवशी कोणी आपल्या भाषेत बोललं की धीर येतो.

विषय कुठला घेतलास, विनताबाईंनी विचारलं. ध्रुव प्रदेश म्हटल्यावर त्यांनी सहज, परीक्षा घेतल्यासारखं करत विचारलं, "मग सांग बरं, दोन्ही ध्रुवांमधलं अंतर किती?"

"वीस हजार किलोमीटर, ताई. वरवरून गेलं तर. पृथ्वीच्या पोटातून सरळ गेलं तर बारा हजार सातशे."

"पोटातून कोण जाईल ग?"

"नेमाजी. तिकडूनच येऊन राहिले असतील, म्हणून तर उशीर."

विनताबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की दयाराम जागा झाला आणि घंटा द्यायची राहिली की काय म्हणून उठून उभा राहिला. शाळेत त्यांना असं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं. विनताबाईंनी तोंडाला पदर लावला. उठता उठता त्यांनी नंदाच्या खांद्यावर हात ठेवला. पक्की आहेस, म्हणाल्या, हेच कोणी विचारलं तर घाबरू नको.

यात काही हेतू नव्हता. कदाचित हा प्रश्न त्या स्वतःच विचारणार होत्या. कदाचित नव्हत्याही.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर वाजली.

विषयप्रतिपादन

*शिक्षिकेची कृती:* टेबलावर परात ठेवते, कुंडं ठेवते. दोन्हींच्या कडेनं कागद गुंडाळलेले आहेत, आत काय आहे ते मुलींना दिसत नाही. दोन्हींत बर्फाचा एकेक ढेपसा ठेवते. सकाळी ढेपसे उशीएवढे होते. आता ते वरणाच्या वाटीएवढे आहेत.

*विद्यार्थिनींची कृती:* आठवीचा वर्ग. बर्फ पाहून पुढच्या बाकावरच्या मुली जिभा चाटतात.

*शिक्षिकेची कृती:* विचारते, यातला उत्तर ध्रुव कोणता आणि दक्षिण कोणता? अर्थात हिंदीत. सगळा पाठ हिंदीत, आणि तो हिंदीतच व्हावा इतकी तिची हिंदी साफ आहे. घराजवळच्या, रांझीच्या बाजारात तिला कोणी मराठी म्हणून ओळखत नाही.

*विद्यार्थिनींची कृती:* भांडतात. हा उत्तर. नाही, तो. मोठा आहे तो उत्तर. उत्तर कशाला मोठा?

*शिक्षिकेची कृती:* म्हणजे वरून ओळखता येत नाही, असं त्यांच्याकडूनच वदवून घेते. टॉर्च पेटवते, चेंडूवर धरते. चेंडूच्या मधोमध उजेड दाट पडतो, दोन्ही टोकांना तो घसरून पातळ होतो. दोन्ही टोकांना सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. दोन्हीकडे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र.

*विद्यार्थिनींची कृती:* एकजण विचारते, "छह महीने रात हो तो स्कूल कब लगता है?"

*शिक्षिकेची कृती:* वहां स्कूल ही नहीं है, असं सांगते.

*विद्यार्थिनींची कृती:* सुस्कारा. "हाय, कितना अच्छा."

मागच्या बाकावर बसलेले तिघेही हसले. बडी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन. नेमाजी, कपाळावरचा घाम रुमालानं टिपत. विनताबाई.

साम्यं फळ्यावर चढत गेली. झाड नाही. पाऊस जवळपास नाही, म्हणजे बर्फाचं असलं तरी वाळवंटच. आकाशात हिरवे-तांबडे पडदे हलतात, ते दोन्हीकडे. होकायंत्र दोन्हीकडे वेड्यासारखं करतं. एका टोकाला दिवस असतो तेव्हा दुसऱ्याला रात्र असते, म्हणून एकाचं दुसऱ्याला कधी कळत नाही. हे शेवटचं पाठ्यपुस्तकात नव्हतं. ते तिला आयत्या वेळी सुचलं आणि बोलून गेल्यावर ती क्षणभर थांबली.

आता कागद काढायचे होते. कागद काढले की दिसणार होतं: परातीतल्या बर्फाखाली नुसतं पाणी, कुंड्यातल्या बर्फाखाली जमीन. उत्तरेला गोठलेला समुद्र, त्याच्याभोवती देश. दक्षिणेला खरीखुरी भूमी, तिच्याभोवती समुद्र. वरून सारखे, खालून नाही. पाठ त्यासाठीच होता. तिनं परातीच्या कागदाला हात घातला.

प्रश्न

नेमाजींनी हात वर केला. विद्यार्थ्यासारखा, आणि तो त्यांनी खरोखर मजेनं केला होता. त्यांचं कापडाचं दुकान होतं, भूगोल शाळेनंतर त्यांच्या वाट्याला आला नव्हता, आणि हा पाठ त्यांना आवडून गेला होता.

"बिटिया, आपने तो दोनों को एक ही बना दिया," ते म्हणाले. "आखिर दोनों में अंतर कितना है?"

उत्तर

"बीस हजार किलोमीटर."

ती थांबली नाही, अडखळली नाही. उलट तिचा चेहरा उजळला, हा प्रश्न येणार हे तिला माहीतच होतं. वर्ग हसण्यानं फुटला. आठवीच्या मुली हसायला लागल्या म्हणजे बाकांवर हात आपटतात.

नेमाजींनी रुमाल खाली केला. "मैंने पूछा, अंतर."

"जी. ऊपर-ऊपर से जाएं तो. और धरती के पेट में से सीधे जाएं," इथं तिला वऱ्हांड्यातला विनोद आठवला आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, अगदी थोडं, पण आलं, "तो बारह हजार सात सौ."

ते हसू नेमाजींनी पाहिलं.

"ठीक है," ते म्हणाले. "बहुत है."

काहीतरी बिनसलं हे नंदाला कळलं, काय ते कळलं नाही. तिनं विनताबाईंकडे पाहिलं. मराठीत जे अंतर, ते हिंदीत दूरी. हिंदीत जे अंतर, तो मराठीत फरक. वर्गात तिघी-चौघींना तरी हे ठाऊक असेल, पण त्या क्षणी ते फक्त विनताबाईंच्या डोक्यात होतं, लखलखीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. विनताबाई भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिल्या.

बडी बहनजींनी घंटेसाठी खूण केली.

उपयोजन

झालं नाही. कागद तसेच राहिले.

मूल्यमापन

बडी बहनजींच्या खोलीत चहा आला. तिघांपुढे तीन कप.

पाठ चांगला होता, बडी बहनजी म्हणाल्या. आवाज चांगला, वर्ग ताब्यात. कालच्या मुलीनं नुसतं पुस्तक वाचून दाखवलं होतं. नेमाजींनी ते मान्य केलं. पण, ते म्हणाले, मी सरळ प्रश्न विचारला आणि मला टवाळी मिळाली. पोरी माझ्यावर हसल्या. ते दुखावले होते, आणि आपण दुखावलो हे दिसू नये म्हणून बशीत चहा ओतून निवांत फुंकर घालत होते. दुकानात गिऱ्हाईक असं बोललं तर चालतं, ते म्हणाले, मास्टरनी असं बोलली तर शाळा काय शिकेल.

"विनताजी, विषय तो आपका है," बडी बहनजी म्हणाल्या. "आप कहिए."

*शिक्षिकेची कृती:* विचार करते.

गप्प राहिलं तर मुलगी उद्धट ठरते. खरं सांगितलं तर उद्धट ठरत नाही, पण हिंदीत कच्ची ठरू शकते. आणि सगळंच खरं सांगायचं, की तो प्रश्न पाठाआधी वऱ्हांड्यात मीच तिला मराठीत विचारला, हेच उत्तर ऐकून शाबासकी दिली, घाबरू नको म्हणाले, म्हणून तिचा कान त्या बाजूला वळला, तर मग निवडीआधी उमेदवाराला प्रश्न सांगितल्यासारखं होतं. बडी बहनजी मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांच्या खुर्चीवर कोण, हे ठरायचं होतं. गेल्या वर्षी विनताबाईंच्या शब्दावर गाण्याच्या शिक्षिका म्हणून सुहासिनी लागली होती, तेव्हापासून शिक्षिकांच्या खोलीत दोघी एकत्र दिसल्या की कोणी ना कोणी म्हणत असे, लो, महाराष्ट्र मंडल की बैठक शुरू.

तरी त्या बोलल्या. हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. ती टवाळी नव्हती, त्या म्हणाल्या. मुलीचं उत्तर तिच्या भाषेत बरोबर होतं. मराठीत अंतर म्हणजे दूरी. तिनं प्रश्न त्या अर्थानं ऐकला.

नेमाजींनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा सैल झाला. आपल्यावर कोणी हसलं नव्हतं, नुसता शब्द घसरला होता.

"अच्छा," ते म्हणाले. "तो मराठी है." मग थोडं थांबून, "पर पढाना तो हिंदी में है न?"

सगळा पाठ हिंदीत झाला, बडी बहनजी म्हणाल्या, आपण ऐकलाच. नेमाजी म्हणाले, हां, वो तो है. त्यांनी स्वतःशीच मान हलवली आणि 'बीस हजार किलोमीटर' असं पुटपुटून हसले देखील. तराजू हलला होता. विनताबाईंना तो हललेला दिसला. आणखी काही बोलायची गरज नव्हती.

नेमाजींनी कप उचलला आणि, घरचं विचारावं तसं, विचारलं, "आपके यहां की है? दयाराम कह रहा था, बरामदे में आप उससे खूब बतिया रही थीं. खूब हंस रही थीं."

"नहीं," विनताबाई म्हणाल्या.

एवढं पुरे होतं. पण नुसतं नाही खोटं वाटलं असतं, आणि त्यांना खोटं वाटायला नको होतं. ओळख नाही, नातं नाही, मी कोणाची शिफारस करत नाही, असं त्यांना सांगायचं होतं. त्यासाठी जी हिंदी तोंडात आली ती अशी:

"नहीं, नहीं. वो हमारे वालों में से नहीं है."

खोलीत पंखा फिरत होता. नेमाजींनी विनताबाईंकडे पाहिलं, आणि विनताबाईंना दिसलं की त्यांचं वाक्य नेमाजींपर्यंत पोचेपर्यंत वेगळं झालं आहे. किंवा वेगळं झालेलं नाही. तेच आहे.

"अच्छा," नेमाजी म्हणाले. हा दुसरा अच्छा पहिल्यासारखा नव्हता. "वो लोग."

बडी बहनजींनी किल्ल्यांचा जुडगा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. विनताबाईंनी तोंड उघडलं. काय म्हणायचं होतं? की तो अर्थ नव्हता? मग कोणता होता? नेमाजी म्हणाले की हिंदीचा प्रश्न शेवटी आहेच, मुलींच्या भवितव्याचा विचार केला पाहिजे, कालची मुलगी शांत होती. बडी बहनजी म्हणाल्या, शांत तर होती. मग दोघांनी विनताबाईंकडे पाहिलं.

*शिक्षिकेची कृती:* मान डोलावते.

फलकलेखन

पुढचा तास गणिताचा होता. साम्यं पुसली गेली.

गृहपाठ

वऱ्हांड्यात नंदा झाडत होती. भुसा सगळीकडे पसरला होता आणि ओल्या फरशीला चिकटला होता. झाडू दयारामचा होता. त्यानं तो तिला दिला होता की तिनं मागून घेतला होता, हे विनताबाईंनी पाहिलं नव्हतं.

"राहू दे ग," त्या म्हणाल्या. "दयाराम करेल."

"नहीं, बहनजी. हमने गिराया है, हम ही उठा लेंगे."

विनताबाईंना वाटलं तिनं चुकून हिंदी वापरली. त्या पुन्हा मराठीत म्हणाल्या, की पाठ छान झाला, बर्फाची युक्ती फार आवडली सगळ्यांना. जी, नंदा म्हणाली. तिनं भुसा एका कोपऱ्यात गोळा केला, झाडू भिंतीला टेकवून ठेवला, हात पाठीमागे धरले.

"बहनजी, उन्होंने फर्क पूछा था न? दूरी नहीं."

"हो."

"मुझे बाद में समझ में आया. बाहर आके." ती थांबली. "आपने बता दिया उन्हें?"

"सांगितलं. टवाळी नव्हती म्हणून सांगितलं मी."

"फिर?"

विनताबाई म्हणाल्या की निर्णय टपालानं येतो, तशी रीत आहे, त्याआधी कोणाला काही सांगता येत नाही. सगळं वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं, आणि ते हिंदीतून आणलेलं वाटत होतं. नंदानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ नाही. गोळा केलेला भुसा किती आहे ते पाहावं, तेवढाच वेळ.

"जी, बहनजी," ती म्हणाली आणि परात घासायला नळाकडे गेली.

शाळा सुटल्यावर विनताबाई निघाल्या तर ती फाटकाशीच होती. जड परात आणि कुंडं घेऊन रांझीपर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून वडिलांची वाट पाहत थांबली होती, आणि टिकाराम तेव्हाच पाळी संपवून आले होते. पायजम्याच्या पोटऱ्या ओल्या, हातांची कातडी पांढरी पडलेली. नंदानं बोट दाखवण्याआधीच त्यांनी विनताबाईंना ओळखलं असावं, कारण ते सायकल तशीच धरून दोन पावलं पुढं आले.

त्यांनी हात जोडले. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता, ते म्हणाले, लाद्या मोजताना दोनदा चुकलो, ठेकेदार बोलला. पण पोरगी आत्ता म्हणाली की आत आपल्या मराठीच्या बाई होत्या.

"मंग म्या म्हणलं, आता काई चिंता नाई. आपलं मानूस आत हाये." ते हसले. "पनागरचा मामा आज सांजच्याले येऊन राहिला, बाई. त्याले नाई म्हणून सांगून टाकू ना?"

विनताबाईंना हो म्हणता येत नव्हतं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. रस्त्यावरून शाळेच्या मुली आरडत चालल्या होत्या आणि त्यांच्यातली कोणीतरी 'बीस हजार किलोमीटर' म्हणाली.

नंदा कॅरिअरवर परात उपडी ठेवून दोरीचा फेरा घेत होती. तिनं मान वर केली नाही.

"हो म्हणून सांगजो, बाबा."

"काय म्हणते?"

"पनागरले. हो म्हणून सांगजो."

टिकारामांनी मुलीकडे पाहिलं, मग विनताबाईंकडे. पोर काहीतरी भलतंच बोलून गेली, आता बाई तिला दुरुस्त करतील, अशा नजरेनं ते थांबून राहिले. विनताबाईंनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दोरी घट्ट बांधा," त्या म्हणाल्या. "परात पडेल."

"हो, बाई," टिकाराम म्हणाले, आणि वाकून गाठ बघू लागले.